खिशातला हात

लढाईच्या भंगारातून आणलेली ती हाय व्होल्टेज पॉवर सप्लायची पेटी रेवदंड्याच्या आमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात मीच चालवायचो. ती चालू असताना डावा हात खिशात ठेवायचा, हा मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम. दोन्ही हात आत गेले, की झटका थेट छातीतून जातो.

माझा भागीदार भिकू मात्र हल्ली सारखा म्हणायचा, "शिवदास, तू दोन्ही हात घालतोस आत."

मला त्याचाच संशय होता. मला घाबरवून दुकान घशात घालायचा डाव असणार.

आज भर दुपारी मी त्याला मुद्दाम समोर बसवलं. पेटी उघडून बटण दाबलं. काटा सरकत वर गेला. माझ्या उजव्या हातात टेस्टर होता आणि डावा खिशात. अंगठी मांडीला टोचत होती.

"आता सांग, डावा हात कुठाय?" मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

भिकू माझ्या खिशाकडे बघतच नव्हता. तो पेटीत बघत होता.

"तारेच्या अगदी जवळ हाय," तो पुटपुटला. "अंगठीसकट. हलू नको."

खोटारडा! संतापून मी खिशातली मूठ आवळली.

"अरे सोड!" भिकू किंचाळला. "तार सोड!"