पाहुणे बडनेऱ्याले उतरले

रुबीनाने श्रावणच्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या चकत्या ठेवल्या आणि मशीन सुरू केलं. पेनासारख्या नळीचं गार टोक गालावरून फिरू लागलं. ते पाणी सोडायचं आणि तेच पाणी कातडीतला मळ घेऊन परत ओढायचं.

राजापेठेतल्या या पार्लरात त्याला वडिलांनी आणलं होतं. दुपारी अकोल्याकडचे पाहुणे त्याला पाहायला येणार होते. गावच्या घरी नाही, इथेच अमरावतीला, बहिणीच्या घरी. बहीण जमुना, तिच्या नवऱ्याला वीज कंपनीत नोकरी. पार्लर तिनेच सुचवलं होतं. बोंडअळीने कापूस खाल्ला ते साल. आधीच्या सगळ्या सोयरिकी, मुलगा काय करतो, या प्रश्नावर मोडल्या होत्या.

खुशालराव खुर्ची ओढून लेकाच्या उशाशी बसले होते. मानेवरचा पट्टाही काढा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. कॉलरच्या आत गोरं आणि वर काळं दिसलं की लोकांना लगेच कळतं. रुबीना म्हणाली की उन्हाचा रंग एका खेपेत जात नाही, तजेला तेवढा येईल. मग तिने मशीनची बरणी वर करून दाखवली. तिच्यात गढूळ पाणी साचलं होतं.

"देखो काकाजी, कित्ती निघालं."

खुशालरावांना बरं वाटलं. हातांचंही काही होतं का, असं त्यांनी विचारलं. सकाळीच कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून आल्यामुळे श्रावणचे तळवे चिरले होते, भेगांत काळं बसलं होतं. रुबीनाने हात पाहिले आणि मान हलवली. तेव्हा खुशालरावांनी लेकाला बजावलं की पाहुण्यांसमोर हात मांडीवर पालथे ठेवायचे, वर काढायचे नाहीत.

"मंग चहा कायनं घेऊ?" श्रावण म्हणाला.

कोपऱ्यात केसांना मेंदी लावून बसलेली बाई हसली. श्रावणने दात आवळले. रुबीनाने त्याला तोंड सैल सोडायला सांगितलं. डावी बाजू झाली होती. आता नळी ओठांच्या कडेने फिरत होती, बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात खुशालरावांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते नेहमी स्पीकर चालू करूनच बोलत. मुलीचे वडील शालिकराव बोलत होते. बडनेऱ्याला गाडीतून उतरलो, ऑटो पाहून राहिलो, असं त्यांनी सांगितलं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं,

"एक विचारू काय, पाटील? पोरगा शेती तं नाही ना करत?"

"नाही, नाही," खुशालराव घाईने म्हणाले. "त्याचं मोबाइलचं दुकान आहे इथं. वावर बटईनं देलं आमी, दुसरेच वाहतात. त्यानं तं वावरात कधी पाय बी नाही टाकला."

रुबीनाचा हात थांबला. नळीचं पाणी श्रावणच्या हनुवटीवरून गळ्यात उतरलं. त्याने चकत्या काढून फेकल्या, तिचा हात बाजूला केला आणि उठून वडिलांच्या हातातला फोन घेतला.

"मी श्रावण बोलतो. माह्यं दुकानगिकान काही नाही. वावर मीच वाहतो. आज बी पऱ्हाट्या उपटून आलो."

पलीकडून स्टेशनवरचा गलका ऐकू येत राहिला. शालिकराव रागावले नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला.

"मी बी वावरच वाहतो, बापू," ते म्हणाले. "म्हणून तं विचारलं."

मग परतीची गाडी पाहतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खुशालराव उभे राहिले. लोकांच्या दारात मी कशासाठी तोंड वेंगाडलं, आता जन्मभर बस तसाच, असं ते भरल्या पार्लरात म्हणाले. मेंदीवाली बाई आता हसत नव्हती. श्रावणने त्यांना बोलू दिलं. मग हळूच म्हणाला,

"जमुनीले पाहायले परतवाड्याकडचे आले होते. ओलिताचं वावर होतं त्याईचं. पोरगा चांगला होता. वावरवाल्याले देण्यापरीस पोरगी हिरीत ढकलीन, म्हणले तुमी. अंगणातूनच वापस लावले. पाणी बी नाही देलं."

खुशालरावांनी डोळ्याला डोळा भिडवला.

"मंग काय चुकलं माह्यं? सुखात आहे ना ते?"

जमुना सुखात होती. श्रावणने खुंटीवरचा शर्ट ओढला आणि ओल्या अंगावरच घातला. उजवी बाजू राहिली, पाच मिनिटांत होईल, असं रुबीना म्हणाली. तिच्याकडे न पाहता तो जिना उतरला.

बाहेर ऊन चढलं होतं. डावा गाल झोंबत होता. त्याने मोटारसायकल काढली आणि वडिलांची वाट पाहत थांबला. खुशालराव खाली आले आणि गाडीजवळून सरळ पुढे निघून गेले, बसस्टँडच्या दिशेने.

"बसा," श्रावण म्हणाला.

ते थांबले नाहीत. श्रावण गाडी त्यांच्या बाजूने हळूहळू नेऊ लागला. पाय जमिनीला घासत होते.

"बसा म्हटलं ना."

खुशालरावांनी मान वळवली नाही. रस्ता अडला. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, कोणीतरी शिवी हासडली. श्रावणने गाडी पहिल्या गियरवरून काढली नाही.