ओर्सोला खर्जवाली

"स्तोत्राची पहिली ओळ कुणी गाणार नाही, बासून या खर्जाच्या वाद्यावर वाजेल," पेत्रोनियो मास्तर म्हणाले. "खोल गर्तेतून देवाला मारलेली हाक आहे ती. पुरुषाचा गळा हवा. इथे तो कुठून आणू?"

ओर्सोला जागची हलली नाही. व्हेनिसच्या या अनाथालयात वाढलेल्या मुलींना आडनाव नसतं. जिचं जे काम, तेच तिच्या नावाला चिकटतं. व्हायोलिन वाजवते ती व्हायोलिनवाली, तशी ओर्सोला खर्जवाली. साठी उलटली तरी समूहगानात सगळ्यांच्या खाली तिचाच आवाज असायचा, घराच्या पायासारखा. एकटीने मात्र ती कधी गायली नव्हती. तशी चालच आजवर कुणी बांधली नव्हती.

"खर्ज बासूनला दिलात, तर मला काय म्हणून हाक मारणार, मास्तर?" तिने विचारलं.

बोलोन्याहून नव्याने आलेल्या मास्तरांनी सुरावटीचा कागद पुन्हा उलगडला. रविवारी गा म्हणाले, पण आवाज फाटला तर सोमवारपासून लेस विणायला बसायचं. ओर्सोला बरं म्हणाली आणि त्या रात्री सूपमध्ये पाव बुडवून पोटभर जेवली. झोप उडाली ती मास्तरांची.

रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाणाऱ्या वर सज्जात, लोखंडी जाळीआड, कुणाला दिसू नयेत म्हणून. देवाच्या घरात टाळ्या वाजवायच्या नाहीत, म्हणून गाणं आवडलं की व्हेनिसचे लोक खोकतात, नाक शिंकरतात, खुर्च्या सरकवतात. पहिल्या स्तोत्राला बरंच खोकून झालं होतं.

मग ओर्सोलाने सुरुवात केली. एकटीने, अगदी तळातून. आवाज कुठेच फाटला नाही. त्याच्यावर एकेक करून बाकीचे आवाज चढत गेले, आणि शेवटी पुन्हा तीच एकटी उरली.

स्तोत्र संपलं. कुणीही खोकलं नाही.

खाली बसलेल्या मास्तरांनी मागे वळून पाहिलं. आता लेस विणायला दोघांनाही बसावं लागणार, असं त्यांना वाटून गेलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतले विश्वस्त मार्कान्तोनियो उठून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"वर कोण पुरुष आहे?"

मास्तरांना काही कळेना.

"आमच्या मुलींमध्ये पुरुष आणून ठेवलात? सगळं चर्च तोंडात बोट घालून बसलंय."

मास्तरांनी परोपरीने सांगितलं, की वर पुरुष नाही, ती ओर्सोला आहे. विश्वस्त ऐकेनात. हा आवाज बाईचा असूच शकत नाही, एवढं आपल्यालाही समजतं, असं ते म्हणाले. चार दिवसांपूर्वी हेच आपण म्हणालो होतो, हे आठवून मास्तर शरमले.

तेवढ्यात जाळीआडून तोच आवाज आला. सावकाश, जराही न चढवता.

"मीच आहे हो ती. ओर्सोला खर्जवाली. खोका आता."

मागच्या बाजूला एक मासेवाली मनापासून खोकली. तिच्या शेजारचा खोकला. मग खुर्च्या करकरल्या, आणि सगळ्या चर्चला एकदम पडसं झालं.

सगळ्यात शेवटी विश्वस्तांनी खिशातून रुमाल काढला आणि दणदणीत नाक शिंकरलं.