दुमडलेला कोपरा

डॉक्टर टिपणिसांनी ठमीच्या नवऱ्यासाठी मुंबईच्या सर्जनला चिठ्ठी लिहिली, पण आज कोपरा दुमडला नाही. दुमडलेला कोपरा ही दोघांमधली खूण होती: सर्जन पोट कापी आणि टिपणिसांचा वाटा पोचता करी. टेबलावरचा रेडिओही त्याचीच दिवाळीभेट. गेल्या महिन्यात अशाच चिठ्ठीवर गेलेल्या कोंडाजीचं पोट विनाकारण फाडलं, तो परत आलाच नाही. तेव्हापासून रेडिओ मुका होता. "नुसता एक्स-रे काढून या," ते म्हणाले. ठमीने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "डाक्तर, कोपरा न्हाय दुमडला? दुमडला की लगेच आत घेतात. आमी गरीब म्हनून का?" "तशीच घेऊन जा!" टिपणीस ओरडले. कारण सांगायला जीभ रेटेना. ठमी नवऱ्याला धरून धक्क्याकडे गेली. टिपणिसांना राहवेना, मागोमाग धावले, पण लाँच सुटली होती. तिच्यात ठमी, मिठागरात चिरलेल्या बोटांनी, जपून, चिठ्ठीचा कोपरा दुमडत होती.