आधी तुमी जा

"आधी तुमी जा," झुंबरबाई म्हणाली. "मले त्या बोगद्याचं भेव लागते."

"हाव, जातो ना. त्यात काय भ्याचं?" कडूबा हसला. दर खेपेला तो असाच हसायचा.

नागपुरात एम.आर.आय.चं मशीन नवीनच आलं होतं. मलकापूरहून गाडीने यायचं, आधी कडूबाने आत जाऊन पडायचं, तो खडखडाट सोसायचा आणि बाहेर येऊन बायकोला सांगायचं, "काईच नाई होत, जाय." मग ती आत. तोवर तिचा भाऊ इंद्रभान त्याला चहाला न्यायचा. डॉक्टरांशी बोलून ही सोय इंद्रभाननेच लावली होती. नाहीतर बाई मशीनमध्ये पडायलाच तयार नव्हती.

त्या खोलीत धातूचा कणसुद्धा चालत नाही. आज आतल्या माणसाने कडूबाच्या बंडीची सेफ्टी पिन काढायला लावली. "मशीन ओढून घेते, बाबा. माणसाचा जीव जाईल." कडूबाने पिन बाहेर काढून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

झुंबरबाईच्या हाडांच्या मगजात कॅन्सर आहे, हे इंद्रभानने एकट्या कडूबाला सांगितलं होतं. तिला फक्त कंबरदुखी म्हणायचं ठरलं. कडूबाला ते पटलं. त्याचा थोरला भाऊ पुंजाजी या रोगाचं नाव ऐकून भिंतीकडे तोंड करून पडला, तो पुन्हा उठलाच नाही. "रोग मागून मारते, नाव आधी मारते," असं कडूबा तेव्हापासून म्हणायचा.

गोळ्याही ती एकटी घेईना. म्हणून इंद्रभानने कडूबालाही ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांनी तोंडाची चव पार गेली, पण बायकोला सोबत म्हणून तो त्या मुकाट गिळायचा. तिला कधी लागलं तर असावं म्हणून रक्तही तपासायला द्यायचा. जिनात कापसाच्या गाठी उचलून त्याची स्वतःची कंबर मोडून आली होती. पण घरात एक जण आजारी असताना दुसऱ्याने काय कण्हायचं?

गाडी शेगावात थांबली की तो खिडकीतून हात जोडायचा. "महाराज, तिचं दुखणं माह्या आंगावर टाका." येताना-जाताना हेच एक मागणं.

आज दवाखान्यात त्याने दारातून पाहिलं. उजेडाच्या काचेवर फिल्म लावली होती. पाठीच्या मणक्यांवर काळे डाग होते, ज्वारीच्या कणसावर काणीचा रोग पडावा तसे. मागच्या खेपेला एवढे नव्हते. इंद्रभान डोळे पुसतच बाहेर आला.

"वाढलं, भाऊजी."

कडूबा नळावर गेला. तिथे तो रडला, मग तोंड धुतलं, पुन्हा रडला, पुन्हा धुतलं. चोराच्या मनात चांदणं, तसं त्याला वाटत होतं की आपल्या तोंडावरूनच तिला सगळं कळेल. पण झुंबरबाई पदर सावरत आली, तेव्हा तिचेच डोळे लाल होते.

"कचरा गेला," ती म्हणाली.

इंद्रभानने त्यांना गाडीत बसवून दिलं. अकोला मागे पडलं तोवर बसून बसून झुंबरबाईचे पाय सुजले होते. कडूबाने ते सरळ मांडीवर घेतले. समोरच्या बाकावरची बाई गालातल्या गालात हसली. हसू दे. आता किती दिवस चेपायला मिळणार होते हे पाय?

"जोडवे रुतून राह्यले तुले," म्हणत त्याने एक जोडवं ओढलं.

"हात नोका लावू!" ती केवढ्यानं तरी ओरडली. सगळा डबा पाहू लागला. तिने पाय ओढून लुगड्यात घेतले.

"अवं, काऊन? बोट निळं पडलं."

"पडू द्या. मांडवात घातले तवापासून एकडाव बी निघाले नाईत. मी काढू देत नाई."

कडूबाचा हात तसाच राहिला.

"आत बी नाई काढाले लावले?" त्याने हळूच विचारलं.

झुंबरबाई खिडकीबाहेर बघू लागली.

त्याने खिशात हात घातला. सेफ्टी पिन बोटाला टोचली. ती बाहेर काढून तो त्या पिनेकडे बराच वेळ बघत राहिला. मग पिन पुन्हा खिशात ठेवली आणि बायकोचे पाय परत मांडीवर घेतले.

शेगाव आलं. दोघांनी हात जोडले. झुंबरबाईचे ओठ कितीतरी वेळ हलत होते. कडूबाचे हात लगेच खाली आले.

"आज काईच नाई मागतलं?" तिने विचारलं.

"नाई," कडूबा म्हणाला. "मागतलेलं भेटलं."