आत्ताच का आलात?

"वय?" तेल्माने विचारलं.

"एकोणसाठ," आई म्हणाली.

तेल्मा पोर्तुगालमधल्या सेतूबल शहराच्या व्यसनमुक्ती केंद्रात बावीस वर्षं फॉर्म भरत होती. प्रश्न पोराला विचारायचा आणि उत्तर आईने द्यायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. पोरगा म्हणजे होरासिओ. उरलेसुरले केस पांढरे, नाकावर आईचाच चष्मा. आई, दोना इदालिना, एक्याऐंशीची, दुखऱ्या खुब्यावर भार नको म्हणून तिरकी बसलेली.

"व्यसन? हेरॉइनच ना?"

"तेच. हा कशाला बदलतोय."

"हेरॉइनसाठी आता तुमच्याच वयाचे येतात," तेल्मा त्याला म्हणाली. "नवी पोरं बहुतेक कोकेनवाली."

"बघ," इदालिनाने त्याला कोपराने ढोसलं. "यातसुद्धा जुनाटच निघालास."

तो हसला. दात मोजकेच होते, पण हसू लहानपणचंच. त्या हसण्यापायीच तर आईने चाळीस वर्षं त्याला सोडलं नव्हतं.

"याआधी किती वेळा उपचार?"

"सहा. ही सातवी."

"आत्ताच का आलात?"

"मीच ओढून आण..."

"थांब आई, हे मी सांगतो." होरासिओने चष्मा काढला. "हिचा खुबा बदलायचाय. चार वर्षं टाळतेय, माझ्यामुळे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर दीड महिना घरात शुद्धीवर असलेलं माणूस हवं. घरात आम्ही दोघंच. म्हटलं, मीच व्हावं ते माणूस."

तेल्माने लिहून घेतलं. "ऑपरेशन कधी आहे?"

"कधी नि काय," इदालिना फणकारली. "याचा आज नेम नाही नि उद्या नाही. मी कुठे जाऊन पडू तिथे?"

"चौदा ऑक्टोबरला," होरासिओ म्हणाला. "काल हॉस्पिटलात जाऊन तारीख घेतली मी."

त्याला सहा वेळा या दारातून आत ढकलताना म्हातारी कधी कचरली नव्हती. आता तिने खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"मला भीती वाटते रे," ती हळूच म्हणाली.

त्याने तिचा हात सोडवून आपल्या हातात घेतला.

"वाटणारच गं. माझी ही सातवी खेप, मला अजून वाटते."