मागच्या चाकाची हवा

"बावीस," टायरवाला म्हणाला. हवा मोजायच्या मीटरची काच त्यानं अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा लावून पाहिलं. "बावीसच. आणि तेही टायर तापलेला असताना. थंड झाल्यावर आणखी कमी भरेल."

ती दुकानाच्या पायरीवर बसली होती, सोललेल्या कोपरावर ओला रुमाल धरून. तासाभरापूर्वी उताराच्या वळणावर मोटरसायकलचा मागचा भाग असा काही सरकला, की समोरून येणाऱ्या ट्रकचं चाक तिला हातभर अंतरावर दिसलं. गाडी कशीबशी कडेच्या खडीत जाऊन आडवी झाली. नवरा उठला, आधी सामानाच्या पेटीवरचे ओरखडे त्यानं बोटानं चाचपले आणि मग तिच्यावर खेकसला, "हललीस ना? वळणावर हलायचं नाही, किती वेळा सांगायचं?"

आणि तिनं त्याची माफी मागितली होती.

प्रवासाला निघाल्यापासून चार दिवस हेच चाललं होतं. गाडी डुलली, की तू हललीस. ब्रेक लावताना मागचं चाक घसरलं, की तू रेललीस. ती मांड्या आवळून, श्वास धरून बसायला शिकली होती. खोकला आला तरी गिळायची. काल ढाब्यावर जेवताना तिथं भेटलेल्या गाडीवाल्यांसमोर तो म्हणाला, "हिच्याऐवजी पोतं बांधून आणलं असतं, तर निदान गप्प तरी बसलं असतं." सगळे खो खो हसले. तीही हसली होती. ते हसणं आठवून आता तिच्या तोंडाला कडू चव आली.

टायरवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. दोन बाजूंना दोन पेट्या, वर बॅग, त्यावर तंबूची वळकटी. "एवढं ओझं, त्यात दोन माणसं. मागच्या चाकाला चाळीस पाहिजे. इथं कागद चिकटवलाय त्यावरच लिहिलंय बघा. कमी हवेवर एवढा भार टाकला की टायर दबतो, तापतो, वळणावर अंग टाकतो. नशीब बलवत्तर म्हणून उभे आहात. कुठंतरी गळती असणार."

त्यानं व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं. मग सगळ्या टायरवर. चाक हळूहळू फिरवत तो वाकून बघत राहिला. एकही बुडबुडा आला नाही.

"गळत नाहीये हो," नवरा दात कोरत म्हणाला. "मीच रोज थोडी सोडून कमी ठेवतो. कडक टायरवर माझी कंबर धरते. बावीसवर कशी गादीसारखी चालते गाडी."

"अहो, पण मागं माणूस बसतंय ना?"

"तिला सांगून ठेवलंय की, हलू नकोस म्हणून."

टायरवाल्यानं तिच्या कोपराकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

रोज सकाळी ती बॅगा बांधत असताना तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसायचा आणि फुस्स असा आवाज यायचा. तिला वाटायचं, किती काळजी घेतो, रोज हवा तपासतो! घरी फोनवर तिनं बहिणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं. दात कोरून झालेली काडी त्यानं पँटला पुसली आणि परत खिशात ठेवली. पंचवीस वर्षं ती त्याला हे करताना बघत आली होती. आज तिला तिकडे बघवेना.

"भरा बुवा चाळीस," तो हसत म्हणाला. "बाईसाहेबांना आता मागं नाचायलाही मोकळीक!"

कॉम्प्रेसर धडधडायला लागला. ती उठली. वरच्या बॅगेतून तिनं आपले कपडे, औषधं आणि चपला काढल्या, ओढणीत बांधल्या. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर बस लागली होती. तिनं ड्रायव्हरला हात करून थांबायला सांगितलं.

"दादा," ती टायरवाल्याला म्हणाली, "एकट्या माणसाला किती लागते?"

"एकट्याला? तेहतीस."

"मग तेहतीसच भरा."