मंगळाचा लाल

लेकीची बोटं मंगळावरचा सर्वांत उंच डोंगर चढून गेली. “एवढा उंच डोंगर दुसऱ्या कुठल्याच ग्रहावर नाही,” बाबाने सांगितलं, जणू तो त्याच्याच मालकीचा होता. मग बोटं लांबलचक दरीत उतरली आणि पलीकडच्या काठावर चढली. तिला ग्रह पसंत पडलेला दिसत होता.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. दोन वर्षांपूर्वी तापात लेकीची नजर गेली. आता शाळेत ग्रह शिकवायला घेतले, म्हणून त्याने कागदाच्या लगद्याचा हा घागरीएवढा गोळा केला. डोंगर-दऱ्या दोन दिवसांत झाल्या. लाल रंगाला मात्र दोन आठवडे लागले. विटेचा लाल, गंजाचा लाल, धुळीचा लाल. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही, आई रोज करवादली.

नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. लेकीला ते सांगायची त्याची छाती होत नव्हती. आणि रंग चढवताना त्याला वेड्यासारखं वाटायचं, आपण एवढं मन लावून रंगवला तर कदाचित दिसेलही तिला.

बोटं गोळ्याच्या माथ्यावर थांबली.

“इथे काहीच नाहीये.”

“बर्फ आहे ना. पाण्याचाच, आपल्यासारखा. मातीखालीसुद्धा आहे म्हणतात. पांढराशुभ्र केलाय.”

“मग गार का नाही?”

पेंटर ओशाळला. त्याने उठून स्टीलची वाटी फ्रीजरमध्ये टाकली. अर्धा तास दोघं गप्पा मारत बसली. मग त्याने ती वाटी ध्रुवावर पालथी घातली. लेकीने हात लावला, झटकन मागे घेतला आणि हसत पुन्हा टेकवला.

“दिसायला लागलं ना, की लालही बघ,” तो सवयीने बोलून गेला.

“नाही दिसणार, बाबा. मला कधीच कळलंय.”

शाळा सुटल्याचं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली. पेंटरचे डोळे भरून आले, आणि कधी नव्हे ते त्याने ते पुसले नाहीत. तिने चाचपडत त्याचा रंगाने खरखरीत झालेला हात शोधला आणि गोळ्यावर आपल्या हाताशेजारी ठेवला.

“गार माझ्यासाठी,” ती म्हणाली. “लाल तुझ्यासाठी राहू दे.”